खरकट्याची टाकी आंबते का?

कोल्हापूरच्या खेड्यापाड्यांत गोबरगॅस कुणाला समजावून सांगावा लागत नाही. शहरात मात्र म्हैस नाही, खरकटं आहे, आणि तिथं शेणाचे आडाखे चुकतात. एक घनमीटर गॅसला साधारण २५ किलो शेण लागतं. ओलं खरकटं १० किलोच्या आसपास पुरतं. खाद्य एवढं जोरकस असल्यामुळंच टाकी बिघडतेही पटकन.

१००० लिटरची, तरंगत्या झाकणाची टाकी धरू. सुरुवात ताज्या शेणानंच करायची, शेण आणि पाणी समसमान, काडीकचरा काढून. मिथेन, म्हणजे जळणारा गॅस, करणारे जिवाणू त्यातूनच येतात. दोन-तीन आठवडे खरकटं अजिबात नको. पहिला गॅस पेटत नाही, त्यात कार्बन डायऑक्साइड फार. तो उघड्यावर, विस्तवापासून लांब सोडून द्यावा. ज्योत निळी झाली की रोज पाव किलो खरकटं, मिक्सरमधून काढून, तेवढ्याच पाण्यात. दर आठवड्याला पाव किलो वाढवत दोन किलोपर्यंत जा. दोन किलोत सुमारे २०० लिटर गॅस, म्हणजे छोट्या बर्नरवर अर्धा-पाऊण तास. सिलिंडर बंद होईल असं कुणी सांगत असेल तर ऐकून सोडून द्या.

खरी गडबड घरातल्या कार्यानंतर होते. उरलेला पातेलंभर भात एकदम टाकीत ओतला जातो. भाताचं आम्ल एक-दोन दिवसांत होतं, पण ते खाऊन मिथेन करणारे जिवाणू सावकाश वाढतात. आम्ल साठतं, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आंबट जास्त) साडेसहाच्या खाली जातो. झाकण वर येतं, म्हणून सगळं ठीक वाटतं. काडी लावली की ज्योत धरत नाही. स्लरीला, म्हणजे टाकीतल्या काल्याला, शेणाचा वास न येता ताकासारखा आंबूस वास येतो. अशा वेळी खाद्य आठवडाभर बंद, बादलीभर ताजा शेणकाला आत, आणि चुन्याची निवळी थोडी थोडी घालत पीएचच्या कागदी पट्टीवर बघत तो सातला आणायचा. चुन्याची भुकटी ओतू नका, ती तळाला बसते.

मिसळीचा कट, तांबड्या रश्श्यावरचं तेल हा इथला खास त्रास. थोड्या तेलानं गॅस चांगला येतो, जास्त झालं की वर साय धरते आणि जिवाणूही मंदावतात. रस्सा गार करून वरचं तेल काढून घ्या. हाडं, अंड्याची टरफलं, लिंबाच्या साली, उसाची चिपाडं नकोत. फिनेलचं पाणी तर थेंबभरही नको.

गॅसला कुजक्या अंड्यांचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. बर्नर तोच खातो. तो शोषून घ्यायला उद्यमनगरातल्या लेथवरचा लोखंडी कीस सोड्यानं धुऊन, ओला ठेवून गंजवा आणि गॅसच्या पाइपात भरा. स्टेनलेसचा कीस चालत नाही. काळा पडला की काढून हवेत पातळ पसरा. ढीग केला तर तापतो. ज्योत भुरभुरत असेल तर पाइपात पाणी साचलंय. पाइपाला उतार द्या, सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा कॉक बसवा.

बाहेर पडणाऱ्या स्लरीचं सोनं उसाच्या पाचटावर, म्हणजे वाळल्या पाल्यावर, होतं. पाचट नुसतं कुजत नाही, त्यात नत्र कमी. वीतभर तुकडे, अर्ध्या फुटाचा थर, वर स्लरी आणि मूठभर जुनं खत. मूठ आवळल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, धार नको. आठवड्यात आत हात घालवत नाही इतका ढीग तापला पाहिजे. नाहीच तापला तर बहुधा ओल जास्त झालीय, कोरडं पाचट घालून उलथा. जुलै-ऑगस्टमध्ये वर पत्रा टाका, नाहीतर खताचं पाणी गटारीतून थेट पंचगंगेला.