वाचन इथंच घ्या

वेळा अमावस्या. रात्रीचे पावणेबारा.

टाचांच्या भेगांत अजून शेतातली काळी माती आहे. आंबील दोन तांबे जास्तच प्याले, त्यावर बाजरीचे उंडे आणि भज्जी. एरवी या दिवशी नऊलाच डोळे मिटतात. आज घर सगळं घोरायलंय आणि मी स्वयंपाकघरात वही घेऊन बसलेय. भाचीची गाडी आता बार्शीच्या पुढं गेली असेल.

दुपारी शेतात कडब्याच्या कोपीसमोर पंगत बसली होती. पाच पांडवांची पूजा झाली, नैवेद्य झाला, आणि वहिनी वाढत असतानाच भाचीनं सांगून टाकलं. मालिकेच्या ऑडिशनला बोलावलंय, परवा, गोरेगावला. आज रात्रीच्या मुंबई एक्स्प्रेसचं तिकीटसुद्धा काढून झालेलं. दादा म्हणाला, "सोबत कोण?" तर म्हणे, "तिथं एक सर आहेत, कोऑर्डिनेटर. लय मोठ्या लोकांसोबत काम केलंय त्यांनी. राहायचं पण तेच बघणार आहेत."

'सर' म्हटलं की माझा घास अडतो. हे घरात कुणालाच माहीत नाही, कारण मी कधी सांगितलंच नाही.

मे १९९७. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. भूकंपाला साडेतीन वर्षं झाली होती, आणि त्या काळात मुंबई-पुण्याहून कुणीही लातूरला आलं की आम्ही दोन्ही हात जोडूनच उभे असायचो. मदत घेऊन येणारे, बांधकामं करणारे, पाहणी करणारे, सगळेच साहेब नाहीतर सर. तसेच हे सर आले. टीव्हीवर दिसलेले. दहा दिवसांचं नाट्यशिबिर, शेवटच्या दिवशी एकांकिका, आणि त्यातून 'एखादीला मुंबईला संधी'. शाळेच्या हॉलमध्ये चाळीस पोरं-पोरी. सर उतरले होते विश्रामगृहावर. संध्याकाळी ते 'वाचनाला' बोलवायचे. एकेकीला. पात्र समजावून सांगायला.

माझी पाळी चौथ्या दिवशी आली. खोलीत कूलर होता, त्याला वाळ्याचे ताटवे. त्या वासानं आधी किती बरं वाटलं होतं, ते अजून आठवतं. वाचन दीड पान झालं असेल. मग ते म्हणाले, "मोकळी हो. नटीला लाज असून चालत नाही." पुढचं या वहीतही लिहीत नाही. फार काही झालं नाही, असं मी स्वतःला वीस वर्षं सांगत आले. 'फार काही' म्हणजे नेमकं किती, हे मात्र कधी मोजायला गेले नाही. मी पळाले. फाटकापाशी आल्यावर कळलं की पायांत चप्पल नाही. परत गेले नाही. मे महिन्यातली डांबरी सडक, संध्याकाळी सहाला. दुसऱ्या दिवशी आईची चप्पल घालून शिबिराला गेले. आईला सांगितलं, हॉलवरून चोरीला गेली.

स. माझ्याच वर्गातली. पाचव्या दिवशी तिची पाळी होती. सहाव्या दिवशी सकाळी आम्ही सगळे गोल करून बसलो होतो. सर यायचे होते ते आले, आणि ही उठून उभी राहिली. ओढणी कमरेला बांधलेली. म्हणाली, "सर, वाचन इथंच घ्या. सगळ्यांसमोर. विश्रामगृहावर आता एकही पोरगी येणार नाही."

बस, एवढंच. आरोप नाही, रडणं नाही, तपशील नाही.

सर हसले. "वा! आवाज खणखणीत आहे. हीच फेक स्टेजवर दे." मग सगळे हसले. मीसुद्धा हसले. आवाज केला नाही, पण तोंड हसरं केलं. स.नं एकदा माझ्याकडं बघितलं आणि खाली बसली.

दुपारपर्यंत शिबिर भरवणारे तिच्याभोवती. "एवढा मोठा माणूस कसा आणलाय तुला ठावंय का?" "काही झालंय का तुला? नाही ना? मग?" आणि सगळ्यांत मायेनं एक काकू: "अगं, आत्ताच कशाला बोलायलीस? चार दिवसांत जायलेत ते." संध्याकाळी तिची भूमिका काढून घेतली. ती मला मिळाली. मी ती केली. टाळ्या पडल्या. प्रमाणपत्राला आईनं काच लावून घेतली, ते अजून माहेरच्या ओसरीत आहे. आज दुपारी दादाच्या घरून डबे उचलतानासुद्धा दिसलं. सरांची सही निळ्या शाईची, आता जांभळी पडलीय.

स.च्या घरी बातमी गेलीच. तिचे चुलते म्हणाले, बोर्डावर उभं राहायची हौस असली की असंच व्हायचं. म्हणजे बोलली म्हणून दोष नाही, ती तिथं होती म्हणून दोष. पुढच्या उन्हाळ्यात उदगीरकडं लग्न करून दिलं. शेवटचं वर्ष राहिलंच.

शिबिराच्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल आला, कामाच्या जागी बायकांच्या छळाबद्दलचा. आमच्या शिबिरानंतर तीन महिन्यांनी. आला असता आधी तरी आम्हाला काय कळणार होतं म्हणा.

ऑक्टोबर २०१७ मध्ये हॉलिवूडचा बडा निर्माता हार्वे वाइनस्टीन, त्यानं बायकांच्या केलेल्या छळाचं प्रकरण न्यूयॉर्क टाइम्सनं छापलं, त्यानंतर एक जुना व्हिडिओ फिरत फिरत माझ्या फोनवर आला. कोर्टनी लव्ह नावाची गायिका. २००५ सालचा, कुठल्याशा समारंभाच्या दारातला. हॉलिवूडमध्ये नवीन येणाऱ्या मुलीला काय सल्ला द्याल, असं तिला विचारलंय. ती जरा थांबते, बोलले तर बदनामीचा दावा लागेल असं पुटपुटते, आणि मग नाव घेऊन सांगते की या माणसानं हॉटेलवर खासगी पार्टीला बोलावलं तर जाऊ नका. बातमी यायच्या बारा वर्षं आधी. त्या एका वाक्यापायी एका बड्या एजन्सीनं आपल्याला कायमचं वाळीत टाकलं, असं तिनं नंतर लिहिलं. मी तो व्हिडिओ आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाच्या काउंटरवर बसून बघितला. इंग्रजी तिचं, पण वाक्य स.चंच. खोलीवर जाऊ नका.

अमेरिकेतल्या बिल कॉस्बी या विनोदी नटाचं तर त्याहून विचित्र. अँड्रिया कॉन्स्टँड नावाच्या बाईनं २००५ लाच त्याच्यावर अत्याचाराची तक्रार पोलिसांत दिली होती, सरकारी वकिलानं खटला भरला नाही. २०१४ मध्ये एका विनोदवीरानं, पुरुषानं, स्टेजवर त्यावरून टोमणा मारला आणि मग जगाला जाग आली. २०१८ ला शिक्षा झाली. ती २०२१ ला वरच्या कोर्टानं रद्द केली, कारण जुन्या वकिलानं खटला भरणार नाही असा शब्द दिला होता म्हणे. बाईची तक्रार नऊ वर्षं फायलीत, बुवाचा विनोद एका रात्रीत जगभर.

आणि मग २०१८, नटी तनुश्री दत्ता. हे लिहिताना हात जड होतो, कारण तिनं सिनेमाच्या सेटवरच्या छळाचा आरोप केला तो नाना पाटेकरांवर. इकडं त्यांचं नाव असंच घेता येत नाही. २०१५ च्या दुष्काळात त्यांची 'नाम' संस्था उभी राहिली. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायका त्यांच्या हातून मदत घेऊन घरी गेल्या, ते आम्ही सगळ्यांनी बघितलंय. पुढच्याच वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. असल्या दिवसांत जो आला तो माणूस लोक विसरत नाहीत, विसरूही नये. नानांनी आरोप साफ नाकारले. पोलिसांनी २०१९ मध्ये पुरावा नाही म्हणून बी समरी, म्हणजे प्रकरण बंद करायचा अहवाल, दिली. २०२५ च्या मार्चमध्ये कोर्टानं २००८ च्या घटनेची तक्रार मुदतीबाहेर ठरवून दखल घेतली नाही. खरं काय झालं ते ठरवणारी मी कोण.

पण एका गोष्टीवरून मी तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये भांडले होते. सगळे एकच म्हणत होते, "दहा वर्षं कुठं होती ही?" कुठं होती? तिथंच होती! २००८ मध्येच तिनं कलाकारांच्या संघटनेकडं, सिंटाकडं, तक्रार दिली होती. तिच्या गाडीवर हल्ला झाल्याचं तेव्हा टीव्हीवर दिसलं होतं. २०१८ मध्ये सिंटानंच कबूल केलं की तेव्हाची तक्रार नीट हाताळली नाही, लैंगिक छळाचा भाग घेतलाच नाही, आणि वर सांगितलं की तीन वर्षांपेक्षा जुनं प्रकरण नियमानं आता उघडता येत नाही. म्हणजे वेळेत आली तेव्हा ऐकली नाही, आणि ऐकायला बसले तेव्हा वेळ गेली. बाकी काही मानू नका, पण ती गप्प होती हे तरी म्हणू नका, असं मी मोठ्यानं बोलले. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मॅडम एवढ्या का तापल्यात. मी चहा घेऊन ग्रंथालयात आले आणि दार लावून बसले. तनुश्रीसाठी भांडणं सोपं होतं. ती काही माझी चप्पल ओळखत नव्हती.

चपलेचं मला २०१९ मध्ये कळलं. औशाला एका लग्नात स. भेटली. बावीस वर्षांनी. अक्षता पडल्या, बायका जेवायला गेल्या, आम्ही मांडवाच्या मागं पाण्याच्या ड्रमजवळ उभ्या. तिनंच विषय काढला. म्हणाली, "मी त्या दिवशी आत गेलेच नव्हते. दारात तुझ्या चपला होत्या. अंगठा तुटून लाल दोऱ्यानं शिवलेला. सकाळी तू आईच्या चपला घालून आलतीस, ते मी बघितलं होतं. तिथनंच माघारी फिरले."

म्हणजे तिला काहीच झालं नव्हतं. मला झालं होतं आणि ती उभी राहिली होती.

मी काय बोलणार. तिनंच मग जेवायला चल म्हणून हात धरला. तिच्या जागी मी असते तर ओळखसुद्धा दाखवली नसती.

तेव्हापासून डोक्यात हेच चालतं. लवकर बोलणारीला कुणी खोटी म्हणत नाही. त्या हॉलमध्ये एकालाही ती खोटं बोलतेय असं वाटलं नसणार, मला तर नाहीच नाही. तिला म्हणतात 'आत्ताच कशाला', आणि उशिरा बोलणारीला 'इतके दिवस कुठं होतीस'. बरोबर वेळ कुठली ते अजून कुणी मला पंचांगात दाखवलेलं नाही. स.ला त्या सकाळी पुरावा नको होता. दुसरी एक पोरगी उठून 'हो' म्हणाली असती तर पुरत होतं. ती पोरगी तिच्यापासून तीन हातांवर बसली होती, परक्या चपला घालून.

हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' आमच्या ग्रंथालयात आहे. १९७० चं. एवढी नावाजलेली नटी, आणि सिनेमातलं, घरातलं, मराठवाड्यातल्या एका खेड्यात अडकून काढलेल्या वर्षांचं, सगळं तिनं नाव-अब्रूची पर्वा न करता सांगून ठेवलं. आमच्या प्रतीत पेन्सिलीनं रेघा मारल्यात. कुठं मारल्यात ते मी बघितलंय. जिथं ती भोगलेलं सांगते तिथं नाही, जिथं वाचणाऱ्याला चव येते तिथं. मी खोडरबर घेऊन बसले होते एकदा, पण कागद जुना, फाटायला लागला.

तर भाची. आज संध्याकाळी कडबा पेटवून पोरं हेंडगा घेऊन शेताभोवती पळत होती, तेव्हा तिला बाजूला घेतलं. मी कॉलेजच्या अंतर्गत समितीवर आहे, त्यामुळं कायदा तोंडपाठ. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं समिती पाहिजेच, तक्रार तीन महिन्यांत, अडचण असेल तर आणखी तीन. समिती नसेल तिथं जिल्ह्याची स्थानिक समिती. (आमच्या समितीचा फलक नोटीस बोर्डावर शिष्यवृत्तीच्या सूचनांखाली गेलाय, तो सोमवारी वर काढायचा आहे.) म्हटलं, गेल्या गेल्या विचार, समिती कोण आहे म्हणून. ती ऐकत होती शहाण्यासारखी. मग म्हणाली, "आत्या, असं पहिल्याच दिवशी विचारल्यावर मला परत बोलावतेल का?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. केरळात सिनेमातल्या बायकांच्या हालांवर हेमा समितीनं २०१९ अखेर अहवाल दिला तो २०२४ च्या ऑगस्टमध्ये लोकांना दिसला, तोही पानं गाळून. दक्षिणेत गायिका चिन्मयी श्रीपदा २०१८ ला छळाबद्दल बोलली आणि त्याच वर्षी डबिंग कलाकारांच्या युनियननं वर्गणी भरली नाही असं कारण देऊन तिचं सदस्यत्व काढलं. पोरगी चुकीचं विचारत नव्हती. मी तिला धपाटे आणि शेंगाची चटणी बांधून दिली. राहायला माझ्या मावसबहिणीकडं ठाण्याला जायचं, सरांच्या सोयीला नाही, एवढं दादाकडून कबूल करून घेतलं. तो म्हणाला, "तू लय काळजी करतीस."

अकरा वाजता वही उघडायच्या आधी फोन घेतला. आणि टाइप केलं. विश्रामगृह, कूलर, चप्पल, स., सगळं. पावणेतीनशे शब्द असतील. एरवी मी 'शुभ सकाळ'सुद्धा दोनदा वाचून पाठवते. हे न वाचता पाठवलं.

१२.२०. दोन निळ्या रेघा आल्या. बराच वेळ 'टाइप करत आहे', मग बंद, मग परत.

१२.३५. उत्तर आलं. "कुर्डुवाडी आली. आत्या, मी त्यांना विचारणार आहे समितीचं. सगळ्यांसमोरच विचारते." खाली आणखी एक: "त्या तुझ्या मैत्रिणीचा नंबर दे ना मला."

शोधला. स.च्या नावानं काहीच येईना. लग्नात तिच्याच फोनवरून मला मिस कॉल दिला होता, पण मी तो जपून ठेवला तिच्या नवऱ्याच्या नावानं. पाटील भाऊजी, उदगीर.

आधी नाव बदललं. मग पाठवला.