शिवसागराकाठचे लोहार हवालदार

साताऱ्याहून कासच्या पठारावरून खाली उतरणारा रस्ता बामणोलीला, म्हणजे कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठाशी येऊन थांबतो. बहुतेक जण तेथून लाँचने वासोट्याकडे जातात. मीही त्यासाठीच गेलो होतो, परंतु या प्रवासात किल्ल्यापेक्षाही माझ्या मनात घर केले ते आमच्या वाटाड्याने. जातिवंत लोहार, मुंबई सॅपर्स या लष्कराच्या अभियंता पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आणि जावळीच्या रानात वाढलेले हे गृहस्थ जवळच्याच एका वाडीत राहतात. सारी वाडी त्यांना ‘हवालदारमामा’ म्हणते, म्हणून मीही तेच म्हणतो.

वासोट्याला जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्या भट्टीवर होतो. पत्र्याच्या छपराखाली मुद्दाम अंधार राखलेला होता, कारण तापलेल्या लोखंडाचा रंग उन्हात नीट ओळखता येत नाही. चामड्याचा भाता कधीच गेला असून आता हाताने फिरवायचा पंखा आहे आणि तो मामी फिरवतात. जुन्या ट्रकच्या कमानपाट्यातून कुऱ्हाड घडवणे चालले होते. घणाचे काम संपल्यावर मामांनी पाते लाल करून धारेकडचा भाग पाण्यात बुडवला, बाहेर काढून दगडाने घासून उजळ केला आणि ते स्तब्ध उभे राहिले. मागच्या जाड भागातली उष्णता हळूहळू धारेकडे सरकू लागली, तसा उजळ पोलादावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी आणि त्यामागून जांभळा रंग चढत गेला. जांभळी छटा धारेला टेकताच त्यांनी पाते पुन्हा पाण्यात घातले. ही छटा सुमारे 280 अंश सेल्सिअसला येते. मामांकडे तापमापक नाही, पण नजर चुकत नाही. पिवळ्यावरच थांबवले तर धार कडक राहते, पण गाठीच्या लाकडावर तिचा तुकडा उडतो. निळ्यापलीकडे जाऊ दिले तर ती मऊ पडून वळते. “घाई क्येली की पोलाद फुटतं, आन् उशीर क्येला की मेनावानी हुतं,” एवढेच ते म्हणाले.

सातारा जिल्ह्याला सैन्य नवे नाही. पहिल्या महायुद्धात 46 जवान गमावलेले अपशिंगे तर आजही ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. इकडचा तरुण भरतीला निघाला की मराठा लाइट इन्फंट्री हेच नाव आधी निघते, परंतु मामांना हातातल्या कसबाने खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये, म्हणजेच मुंबई सॅपर्समध्ये नेले. तेथे त्यांनी पलटणीची लोहारकी केली आणि सुट्या पोलादी चौकटींचे बेली पूलही जोडले. या पुलाची एक चौकट दहा फूट लांब आणि सुमारे 260 किलो वजनाची असते. सहा जवानांनी ती एका हुकमासरशी उचलायची, आणि एकाचाही पाय घसरला तर उरलेल्यांचे हात चिरडण्याची भीती. काश्मीरमधल्या एका नाल्यावर रात्री दिवा न लावता त्यांनी असा पूल उभा केला होता. स्वतःबद्दल ते इतकेच बोलले, पण रामा राघोबा राणे यांचा विषय निघताच आवाज बदलला. एप्रिल 1948 मध्ये नौशेरा–राजौरी रस्त्यावर सेकंड लेफ्टनंट राणे जखमी असूनही सुरुंग काढत आणि अडथळे फोडत रणगाड्यांना वाट करून देत राहिले, आणि त्यांना जिवंतपणी परमवीर चक्र मिळाले. कारवारजवळच्या चेंडिया गावचा हा सॅपर मामांसाठी पुस्तकातला वीर नसून आपल्याच पलटणीतला थोरला भाऊ आहे.

दुसऱ्या दिवशी लाँचने सुमारे दीड तासाने आम्ही मेट इंदवलीच्या काठाला लागलो. तेथून वासोट्याची वाट दाट झाडीतून चढते. मामा पुढे चालतात तेव्हा त्यांचे पाऊल वाजत नाही, आणि बोलणेही हाताच्या खुणांनी होते. एका ओलसर जागी ते थांबले. गव्याच्या खुरांचे ठसे होते; ठशाच्या कडा अजून कोसळल्या नव्हत्या आणि आत पाणी झिरपत होते, म्हणजे जनावर नुकतेच गेलेले. आम्ही तेथेच काही वेळ उभे राहिलो आणि मगच पुढे निघालो. वर शेकरूचे घरटे दाखवताना त्यांनी बोट केले नाही, नुसती मान वर केली. सुरुंग शोधताना जमीन जशी वाचायची, तशीच ते रानवाट वाचतात, असे मला वारंवार वाटत राहिले. माथ्यावर मारुती, महादेवाचे मंदिर आणि पाण्याची टाकी पाहून आम्ही बाबुकड्यापाशी आलो. खाली कोकण पसरले होते आणि पाठीशी जलाशय होता. धरणाच्या पाण्याखाली गेलेली गावे कोणत्या बाजूला होती, हे मामांनी वडिलांकडून ऐकलेल्या आठवणींवरून एकेक करून सांगितले.

1985 मध्ये कोयना अभयारण्य झाले. मामांना त्या जंगलाचा अभिमान आहे, पण तेव्हापासून रानात कोळसा पाडणे बंद झाल्याने तो विकत आणावा लागतो, आणि मेढ्याच्या बाजारात कारखान्यातले विळे-कोयते त्यांच्या मालापेक्षा स्वस्त मिळतात. पेन्शन आहे म्हणून घर चालते; भट्टी पेटते ती गुडघे दुखत असूनही ती विझू नये या हट्टापायी. मला हा हट्ट फार मोलाचा वाटतो. पुतण्या सध्या हाताखाली शिकतो आहे आणि पहाटे उठून भरतीसाठी धावतोही.

वासोट्याला जाणाऱ्यांनी बामणोलीच्या वनकार्यालयातून परवाना घ्यावा, सोबतच्या प्लास्टिकची मोजदाद मुकाट्याने करू द्यावी आणि स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा. पावसाळ्यात प्रवेश बंद असतो आणि गडावर मुक्काम करता येत नाही. शेतीचे किंवा बागेचे अवजार हवे असेल, तर काठावर लोहाराची भट्टी कोठे आहे, एवढे विचारले तरी पुरते. मात्र मागणी आगाऊ द्यावी, कारण मामा तयार माल ठेवत नाहीत आणि मूठ गिऱ्हाइकाच्या हाताच्या मापानेच बसवतात.