पाळी कुणाची?

लडाखमधल्या एका अगदी छोट्या गावाने होमस्टे सुरू करायचं ठरवलं, तेव्हा मी मदतीला तिथे राहत होते. २०११च्या जनगणनेत अख्ख्या लडाखची लोकसंख्या २,७४,२८९. इतकी विरळ वस्ती, तरी पाहुणे कसे आणायचे यावर फारसं डोकं खपवावं लागलं नाही. भांडणं झाली ती आलेले पाहुणे वाटून घेण्यावरून.

नमुना समोर होता: हेमिस राष्ट्रीय उद्यानातलं रुंबक गाव. तिथले होमस्टे मुळात हिमबिबट्यापायी निघाले. तो गोठ्यात शिरून एका रात्रीत कितीतरी मेंढरं मारायचा आणि लोक त्याच्या जिवावर उठायचे. त्याला बघायला येणाऱ्यांचे पैसे घरात यायला लागले, तसा राग निवळला. तिथे पाहुणा घर निवडत नाही, घरांची पाळी असते. आम्हीही तेच धरलं. गोबाकडे, म्हणजे गावच्या मुखियाकडे, वही. दर सगळीकडे एकच, त्यातला वाटा गावच्या फंडात.

पहिलीच गाडी थांबली ती रस्त्यालगतच्या घरापाशी. ड्रायव्हर त्यांचा भाचा! पाळी होती वरच्या टोकाच्या आबी-लेंची, म्हणजे आजींची. पाहुण्यांनी चढ बघितला आणि बॅगा तिथेच टेकवल्या.

संध्याकाळी बैठक. गोबा म्हणाले, "झोपू दे कुठेही, पैसे वहीप्रमाणे." खालच्या घरची बाई तडकली, "मग बुखारीत (खोली तापवायच्या शेगडीत) गोवऱ्या कोण घालणार? भांडी कोण घासणार?" तिचंही खोटं नव्हतं. शेवटी ठरलं, पाळी मोडून पाहुणा ठेवला तर पुढच्या दोन पाळ्या गेल्या. आणि बॅगा वर न्यायच्या गावातल्या पोरांनी. माझ्या मते नियम टिकला तो या बॅगांमुळे, दंडामुळे नव्हे.

नोंदणीचे कागद त्या मानाने चटकन झाले. संडासाने मात्र वेळ खाल्ला. तिथला संडास कोरडा, दुमजली: वर बसायचं, फावडंभर माती लोटायची, खाली खत तयार होतं, ते जवाच्या शेतात जातं. दोन घरांना पाहुण्यांसाठी फ्लश बसवायचा होता. "हिवाळ्यात नळ गोठला की पाणी कोण वितळवणार?" आबी-लेंनी विचारलं, आणि विषय तिथेच मिटला. आम्ही दारावर फावड्याचं चित्र तेवढं चिकटवलं.

सध्याचा वाद फोनचा आहे. ज्याच्या घरात रेंज येते, त्याच्याकडे पाहुणे परस्पर बुकिंग करतात. त्यावर वहीत अजून कलम नाही.