आमची वाटचाल : टायर विकण्यापासून टायर निवडण्यापर्यंत

सुरुवात साध्या कामाने झाली. टायर उतरवणं, चढवणं, बॅलन्सिंग, अलाइनमेंट. मी आणि माझा भागीदार, दोघंच. रेसिंगशी आमचा संबंध एवढाच, की हौशी रेसर शनिवार-रविवारच्या शर्यतीआधी घाईघाईने रिम घेऊन यायचे आणि आजच्या आज काम करून मागायचे. आठवडाभर नोकरी-धंदा करायचा, गाडी स्वतःच ट्रेलरवर चढवायची, पाना स्वतःच फिरवायचा, अशी ही मंडळी. मोठ्या संघांकडे टायरसाठी वेगळा इंजिनिअर असतो. यांच्याकडे मित्रांचे सल्ले असायचे, आणि प्रत्येक मित्राचा सल्ला वेगळा.

त्यांचा प्रश्न ठरलेला असे : "सगळ्यात भारी टायर कुठला?" आम्ही उलट प्रश्न विचारायला लागलो. क्लास, म्हणजे शर्यतीतला गाड्यांचा गट, कोणता, नियमपुस्तकात काय लिहिलंय, गाडीचं वजन किती, इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना की मागच्या, शर्यत किती मिनिटांची, आणि पाऊस आला तर काय घालणार? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण गप्प व्हायचे. तिथेच आमच्या धंद्याला दिशा मिळाली.

पहिली मोठी खरेदी केली ती टायर तासायच्या यंत्राची. ओळखीच्यांनी वेड्यात काढलं. नव्या कोऱ्या टायरवरचं रबर पैसे देऊन कोण तासून घेईल? पण कोरड्या ट्रॅकवर खोल नक्षी नडते. वळणावर जोर आला की ट्रेडचे, म्हणजे नक्षीच्या रबराचे, उंच ठोकळे लवतात, लवून लवून तापतात आणि त्यांचे तुकडे उडायला लागतात. ट्रेडवाला टायर तीन-चार मिलिमीटरवर आणला की ठोकळे ठाम उभे राहतात, गाडी स्टिअरिंगला लगेच उत्तर देते, आणि ऐकायला उलटं वाटेल, पण शर्यतीत असा टायर अनेकदा पूर्ण नक्षीच्या टायरपेक्षा जास्त टिकतो. यंत्र चालू असताना पाहण्यासारखं असतं. टायर संथ फिरतो, पातं हळूहळू आडवं सरकतं आणि पेन्सिलीला टोक काढताना निघावी तशी रबराची अखंड पट्टी खाली गुंडाळत जाते. रेसर मंडळी अजूनही ते बघत उभी राहतात.

याच यंत्रामुळे कमी खर्चातला एक उपायही देता आला. ज्या क्लासमध्ये फक्त रस्त्यावर चालणारे ट्रेडवाले टायर चालतात, तिथे एकाच मॉडेलचे दोन सेट घ्यायचे : एक तासलेला, कोरड्यासाठी, दुसरा पूर्ण नक्षीचा, ओल्यासाठी. गाडीचा स्वभाव ओळखीचा राहतो, बदलतं ते पाणी बाहेर काढण्याचं बळ. मात्र काही क्लासमध्ये तासायला मनाई असते. म्हणून नियमपुस्तक पाहिल्याशिवाय आम्ही पात्याला हात लावत नाही.

टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्यांचंही तसंच. बऱ्याच हौशी क्लासमध्ये किमान २०० ट्रेडवेअरची अट असते. टायर जितका सावकाश झिजायचा, तितका हा आकडा मोठा, अशी ही अमेरिकी पद्धत. पण आकडा उत्पादक स्वतःच देतो. त्यामुळे दोन कंपन्यांचे २०० एकसारखे निघतील याची हमी नाही. काही २०० वाले टायर इतके चिकट असतात, की त्यांना रस्त्याचे टायर म्हणायला जीभ कचरते. त्यापेक्षा उपयोगाचा तारखेचा कोड. शेवटचे चार अंक बघा : २३२४ म्हणजे २०२४ सालातला तेविसावा आठवडा. सवलतीत मिळालेला सेट घेऊन कोणी आलं, की आमची मुलं आधी तिथे बोट ठेवतात.

दुसरा टप्पा ट्रॅकवर जाण्याचा. टायर चढवून दिले की आपलं काम संपलं, असं मानलं तर टायर बरा होता की वाईट, हे कधीच कळत नाही. आम्ही सुईचा पायरोमीटर, म्हणजे तापमान मोजायचं यंत्र, घेतला. इन्फ्रारेडची बंदूक स्वस्त आणि सोपी, पण ती नुसत्या पृष्ठभागाचं तापमान दाखवते आणि गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, येईपर्यंत पृष्ठभाग निवलेला असतो. सुई रबराच्या आत जाते. गाडी थांबली रे थांबली की आतली कड, मध्य, बाहेरची कड, असे प्रत्येक टायरचे तीन आकडे एक जण मोठ्याने सांगतो, दुसरा लिहितो. मध्य दोन्ही कडांपेक्षा तापलेला असेल तर हवा जास्त. दोन्ही कडा तापल्या आणि मध्य थंड, तर हवा कमी. आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा फारच गरम असेल तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत झुकलेला कोन, जास्त झालाय. एक आरामाचा फेरा मारून ड्रायव्हर पिटमध्ये आला की हे आकडे कुचकामी ठरतात. हे पटवायलाच आम्हाला सर्वात जास्त बोलावं लागलं.

हवेचं गणितही वहीत उतरलं. टायरचं तापमान साधारण पाच-सहा अंश सेल्सिअसने वाढलं की दाब एक पीएसआयने वाढतो. म्हणून थंड टायरमध्ये किती हवा भरली, याला स्वतंत्र अर्थ नाही. गरम झाल्यावर दाब कुठे जाऊन थांबायला हवा ते आधी ठरवायचं आणि तिथून मागे यायचं. ओल्यात टायर तितका तापत नाही, दाब कमी चढतो, म्हणून सुरुवातीलाच थोडी जास्त हवा लागते. पावसात हवा कमी करावी असं सांगणारे अजूनही भेटतात. त्यांच्यासाठी एक जुना हिशोब आम्ही भिंतीवर लावलाय. १९६३ साली नासाच्या हॉर्न आणि ड्रेहर यांनी विमानांच्या टायरवरून मांडलेलं सूत्र : पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. किलोमीटरच्या भाषेत ते साधारण १६.७ गुणिले पीएसआयचं वर्गमूळ असं येतं. म्हणजे २५ पीएसआयला ताशी ८३ किलोमीटर, ३६ ला १००. मोटारीच्या टायरला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, कारण रुंदी, नक्षी आणि पाण्याची खोली यांनी ते बदलतात. पण हवा कमी केली की टायर लवकर तरंगतो, ही दिशा खरी आहे. रुंद टायरही लवकर तरंगतो. ओल्यासाठी मापाने थोडा अरुंद टायर सुचवला की लोक नाराज होतात. रुंद टायर दिसायला छान, हे आम्हालाही मान्य आहे.

पावसाळी टायर म्हणजे खोल चर, हा समज तर फारच पक्का. टीव्हीवर फॉर्म्युला वन बघितलेली मुलं येतात. पिरेलीच्या सांगण्यानुसार त्यांचा पूर्ण पावसाळी टायर ताशी ३०० किलोमीटरला सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला फेकतो, हा आकडा त्यांना पाठ असतो. पण चरांनी निम्मंच काम होतं. बाकीचं काम कंपाउंडचं, म्हणजे रबराच्या मिश्रणाचं. पाणी टायरला सतत थंड करत असतं. त्या थंडीतही मऊ राहील आणि डांबराच्या खडबडीत भागात रुतेल असं रबर लागतं. स्लिक म्हणजे नक्षी नसलेला, कोरड्यासाठीचा रेसिंग टायर. रस्त्यावर वापरून गोटा झालेल्या टायरला 'गरिबाचा स्लिक' म्हणणारे इथेच फसतात. त्यात चरही नाहीत आणि रबरही कडक, मग ओल्यात जमत नाही आणि कोरड्यातही नाही.

मऊ रबराची किंमत ट्रॅक वाळताना मोजावी लागते. गाड्या ज्या वाटेने धावतात ती रेषा कोरडी पडली की पावसाळी टायरचे उंच ठोकळे लगेच तापतात आणि कडा फाटायला लागतात. अशा वेळी अनुभवी ड्रायव्हर सरळ पट्ट्यावर मुद्दाम उरलेल्या ओलीतून गाडी नेतो, तेवढाच टायर निवतो. तास-दोन तासांची शर्यत असेल तर टायर बदलून घेता येतात. वीस-पंचवीस मिनिटांच्या शर्यतीत मात्र सुरुवातीला घातला तोच शेवटपर्यंत, म्हणून ग्रिडवरचा, म्हणजे सुरुवातीच्या रांगेतला, निर्णय महत्त्वाचा. आमचं मत असं : पाणी साचून उडत असेल तर विचारच नको, पावसाळी. डांबर नुसतं काळपट ओलं आहे आणि ढग फाटतायत, तर शर्यतीचा दुसरा अर्धा भाग डोळ्यांपुढे ठेवून कोरड्याचा ट्रेडवाला टायर. स्लिकवर मात्र ओलीत जुगार खेळू नये. एकदा थंड पडला की तो परत तापतच नाही.

यावरून आमच्या दुकानात एक नियम झाला. पहिला जास्तीचा सेट मागायला आलेल्याला आम्ही कोरड्याचा दुसरा सेट देत नाही. आधी ओल्याचा घ्या म्हणतो. सुरुवातीला यात गिऱ्हाइकं गेली. काही परत आली, काही नाही.

अलीकडचा एक प्रसंग सांगतो. एक तरुण रेसर टायर घेऊन आला. "काका, अजून चार मिलिमीटर रबर शिल्लक आहे. हवा तीच, कॅम्बर तोच. मग मागच्या महिन्यापेक्षा दीड सेकंद हळू का?" आमच्या कारागिराने रबराचा कडकपणा मोजणारा ड्युरोमीटर टेकवला, शेजारी त्याच मॉडेलचा न वापरलेला टायर ठेवून त्यालाही टेकवला. जुन्याचा आकडा चांगलाच वर गेला होता. असे टायर झिजून संपायच्या आधी तापून-निवून संपतात. म्हणून नवा सेट एकदा नीट, हळूहळू तापवायचा आणि किमान दिवसभर तसाच ठेवायचा, मग शर्यतीला घालायचा. कुठला सेट किती वेळा तापला याची नोंद बहुतेक जण ठेवत नाहीत, आता ती आम्ही ठेवतो. टायरच्या आत खडूने नंबर, वहीत त्या नंबराचं पान.

आज आम्ही दोघांचे पाच-सहा जण झालोय. मोसमाबाहेर लोकांचे टायर सांभाळायची वेगळी खोली आहे : काळ्या पिशव्यांत बांधलेले, उन्हापासून लांब, आणि कॉम्प्रेसरच्या मोटारीपासूनही लांब, कारण तिच्यातून निघणारा ओझोन रबराला भेगा पाडतो. काही रेसिंग कंपाउंड गोठणबिंदूखाली तडकतात, त्यामुळे खोली थंडीत उबदार ठेवावी लागते. वापरलेल्या रेसिंग टायरच्या विक्रीत आम्ही पडलो नाही आणि पडणारही नाही. त्यांचा इतिहास कोणीच खरा सांगत नाही.

पहिल्यांदा येणार असाल तर तीन गोष्टी आणा : तुमच्या क्लासचं नियमपुस्तक, सध्याच्या टायरवरचा तारखेचा कोड आणि मागच्या शर्यतीनंतर लगेच मोजलेली हवा. मोजली नसेल तरी या. गेज आम्ही देऊ, पुढच्या शर्यतीला मोजा आणि मग टायरचं बोलू.