तिन्हीसांजेचे गणित

फोंड्याजवळच्या आमच्या जुन्या घराच्या राजांगणात तुळशीवृंदावन आहे आणि तिन्हीसांजेला त्यापुढे आई पणती लावते. त्या पणतीच्या वाटेला जाण्याचे धाडस माझ्यात कधीच नव्हते. मात्र सोप्यावरचा विजेचा दिवा रोज सायंकाळी सातला आपोआप लागावा आणि रात्री दहाला विझावा, एवढी माफक हौस मला गेल्या एप्रिलमध्ये झाली. स्मार्ट बल्ब आणला, तो वायफायला जोडण्यात अर्धा दिवस घालवला (त्याला फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ चालते, हे खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेले होते) आणि वेळापत्रक एका तळहाताएवढ्या संगणकाच्या हवाली केले.

संध्याकाळी दिवा लागला नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही नाही. मी दोष दीड फूट जाडीच्या चिऱ्याच्या भिंतींना दिला आणि राउटर या खोलीतून त्या खोलीत फिरवत राहिलो. चौथ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता आईने विचारले, “यंदा राखणदाराला नारळ ठेवायचा राहिला का रे? रोज मध्यरात्री सोप्यावर उजेड पडतो.”

त्या रात्री मी जागा राहिलो. बरोबर साडेबारा वाजता दिवा लागला आणि साडेतीनला विझला. गावाची राखण करत फिरणारा देवचार इतका वक्तशीर असेल, असे मला वाटले नाही. संगणकाचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर होते आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. त्याचे सात म्हणजे आपली मध्यरात्र उलटून गेलेली.

घड्याळ दुरुस्त झाले, तेव्हा मुळात सात हा आकडाच चुकीचा असल्याचे ध्यानात आले. आमच्याकडे नोव्हेंबरअखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैत सातनंतर. घराचे अक्षांश-रेखांश दिले, तर तो संगणक रोजचा सूर्यास्त स्वतः काढू शकतो, हे वाचून मी अत्यंत उत्साहाने दोन्ही आकडे भरले आणि नेमके उलटे भरले. १५.४ अक्षांश आणि ७४ रेखांश म्हणजे फोंडा. ७४ अक्षांश आणि १५.४ रेखांश म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडचा गारठलेला समुद्र. आकडा नव्वदच्या आत असल्यामुळे यंत्राला त्यात काही वावगे दिसले नाही. मे महिना अर्धा संपला होता, आणि त्या अक्षांशावर तेव्हा सूर्य मावळतच नाही. दिवा लागेना म्हणून मी पडद्यावर पाहिले, तर पुढचा सूर्यास्त ऑगस्टात असल्याचे यंत्राने नम्रपणे नोंदवून ठेवले होते.

या चुकांची लाज वाटली, पण ज्या घरात जन्मलो त्याचे अक्षांश मला ठाऊक नव्हते, याची अधिक वाटली.

पुढची चूक भिंतीतली. आई झोपण्यापूर्वी सवयीने सोप्यावरचे बटण बंद करते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी बल्बाला वीजच मिळत नाही. तिला सवय सोडायला सांगण्यापेक्षा बल्ब साधा ठेवून बटणच स्मार्ट करावे, असे ठरवून मी एक आणले. इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला, आत डोकावला आणि पुन्हा स्क्रू आवळले. बोर्डात न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारा तार, नव्हता. जुन्या वायरिंगमध्ये तो छतावरून थेट दिव्याच्या होल्डरला जातो. बटणाकडे फक्त फेज, म्हणजे वीज आणणारा तार, येतो आणि तोच पुढे जातो. मी आणलेल्या बटणाला स्वतः जागे राहण्यासाठी न्यूट्रल लागतो. न्यूट्रलशिवाय चालणारी बटणे मिळतात, पण ती बल्बातूनच थोडी वीज वाहू देतात आणि मग काही एलईडी दिवे बंद असतानाही मिणमिणतात. “राखणदार परत येईल,” मी म्हटले. तो हसला नाही. त्याने नवी वायर ओढण्याचा खर्च सांगितला.

ती वायर आता आली आहे आणि दिवा फोंड्याच्याच सूर्यास्ताला लागतो. जूनमध्ये मात्र एका संध्याकाळी आभाळ असे भरून आले की, दिवा लागण्याच्या बऱ्याच आधी आईची पणती तेवत होती आणि सोप्यावर अंधार होता. ढगांचा हिशेब मी यंत्राला दिलेला नव्हता. तूर्त पावसाळ्यापुरती वीस मिनिटे वजा करून ठेवली आहेत.