पेपर हातात आला की पाटी कोरी

संख्याशास्त्राचा पेपर होता. पहिला प्रश्न तीनदा वाचला. शब्द कळत होते, पण प्रश्न काय विचारतोय ते डोक्यात शिरत नव्हतं. छातीत धडधड, हात गार, पेनाला घाम. आदल्या रात्री याच प्रकारची सहा गणितं मी सोडवली होती. अर्धा तास तसाच गेला. पेपर देऊन बाहेर आले, पायऱ्यांवर बसले आणि दहा मिनिटांत ते गणित पायरी-पायरीने आठवलं. मी तिथेच रडले.

घरी एकच वाक्य ऐकू यायचं, "नीट अभ्यास केला असता तर घाबरायला कशाला झालं असतं?" बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण ते वाक्य फार लागतं. कारण अभ्यास केलेला असतो.

दुसऱ्यांदा असंच झाल्यावर मी समुपदेशक मॅडमकडे गेले. त्यांनी आधी विचारलं, "धडधडत असताना मनात काय चाललेलं असतं?" मी सांगितलं: वेळ संपतोय, बाकीचे लिहितायत, मी नापास होणार, आईला काय सांगू. मग त्यांनी समजावलं, की परीक्षेच्या भीतीत दोन गोष्टी असतात. एक शरीराची खळबळ, दुसरी काळजी. लिबर्ट आणि मॉरिस या मानसशास्त्रज्ञांनी 1967 मध्येच हा फरक मांडला होता. गुण कमी होण्याशी जास्त संबंध दिसतो तो काळजीचा, धडधडीचा तितका नाही. एका वेळी मनात धरून ठेवता येतील अशा गोष्टी मोजक्याच असतात. गणित सोडवायला तीच जागा लागते आणि "आईला काय सांगू" हे वाक्यही तिथेच येऊन बसतं.

मला केवढं हलकं वाटलं! तोवर मी सगळी ताकद छातीतली धडधड थांबवण्यात घालवत होते.

त्यांचा दुसरा प्रश्न मात्र टोचला. "ती सहा गणितं कशी सोडवलीस?" खरं सांगायचं तर, अडलं की उत्तर बघत. बाकीचा अभ्यास म्हणजे वही पुन्हा पुन्हा वाचणं. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपल्याला ते येतंय असा समज होतो. रोडिगर आणि कार्पिके यांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे माझी भीती अगदीच निराधार नव्हती. थोडं येत होतं, थोडं फक्त ओळखीचं होतं, आणि हॉलमध्ये बसल्यावर दोन्हींची सरमिसळ व्हायची.

मग दर रविवारी पूर्ण वेळ लावून जुना पेपर सोडवायला लागले. टेबलावर घड्याळ, वही दुसऱ्या खोलीत, मध्ये उठायचं नाही. पहिल्या रविवारी घरातसुद्धा हात गार पडले. मॅडम म्हणाल्या, "छान, आता त्या गार हातांनीच लिही." तोंडातून हळूहळू लांब श्वास सोडायची सवयही याच रविवारांत लावली. आधी मी ते थेट परीक्षेत करून पाहिलं होतं आणि काहीच उपयोग झाला नव्हता. ऐन पेपरात नवी गोष्ट जमत नाही. पाचव्या-सहाव्या रविवारी धडधड होती, पण तिच्याकडे लक्ष जाईनासं झालं.

परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवायचा उपायही मी केला. तो रामिरेझ आणि बाइलॉक यांच्या 2011 च्या अभ्यासातून आलाय. 2018 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तो पुन्हा पडताळला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही, त्यामुळे हमखास उपाय म्हणून मी तो कुणाला सांगणार नाही. मला बरं वाटायचं, म्हणून करत राहिले.

पुढच्या परीक्षेत पहिल्या दोन मिनिटांत सूत्रं शेवटच्या पानावर लिहून टाकली. तिसऱ्या प्रश्नाला पुन्हा पाटी कोरी झाली. पेन खाली ठेवलं, तीनदा सावकाश श्वास सोडला, तो प्रश्न तसाच ठेवून येणारा आधी घेतला. वीस मिनिटांनी परत आले तेव्हा तो सुटला. दोन उपप्रश्न मात्र राहिले.

बाहेर येऊन त्याच पायऱ्यांवर बसले आणि ते दोन आठवून पाहिले. बराच वेळ बसले. आले नाहीत. ते मला खरंच येत नव्हते. मी उठले आणि घरी जाऊन तेवढंच प्रकरण उघडलं.