वीस मिलिमीटरची भानगड

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डमध्ये टॅबलेट बसवायचा किडा डोक्यात शिरला की माणूस आधी टॅबलेटच्या मागे लागतो. कुठला वेगवान, कुठल्याला जीपीएस आहे, कुठल्याचा पडदा उन्हात दिसतो. मोजपट्टी हातात घ्यायचं त्याला फार उशिरा सुचतं. घेतली की कळतं, इथे आपल्या आधीच एक करार होऊन बसलेला आहे. स्टिरिओसाठी डॅशबोर्डमध्ये जे चौकोनी भोक असतं ते १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. हे माप जर्मनीच्या ‘डिन’ या मानक संस्थेने ठरवलं, पुढे ते आयएसओ ७७३६ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या नावाने जगभर चाललं. दुप्पट उंचीचं, म्हणजे १०० मिलिमीटरचं भोक जपानी गाड्यांमधून रुळलं, त्याला सगळे डबल डिन म्हणतात. उंची वाढली, रुंदी मात्र तीच राहिली.

टॅबलेटवाल्यांनी या करारावर कधी सही केली नाही. ‘सात इंची’ हे काचेच्या कर्णाचं माप, त्यात काचेभोवतीची कड धरलेली नसते. गाडीत टॅबलेट बसवणाऱ्या हौशी मंडळींचा एके काळचा लाडका म्हणजे गूगलचा नेक्सस ७. त्याचं २०१२चं मॉडेल १९८.५ मिलिमीटर लांब, २०१३चं २०० मिलिमीटर. २०१२चा आयपॅड मिनीसुद्धा २०० मिलिमीटर, शिवाय रुंदीला १३४.७. म्हणजे डबल डिनचं ऐसपैस भोक असलं तरी टॅबलेट दोन्ही अंगांनी बाहेर. सगळी भानगड त्या वीस मिलिमीटरची आहे. टॅबलेट कापता येत नाही, तेव्हा करवत कुणावर चालणार हे उघड आहे.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? डबल डिनच्या मापाचे, आत अँड्रॉइड असलेले तयार स्टिरिओ मिळतात की. मिळतात, आणि शहाणा माणूस तोच घेतो. फोन काचेला चिकटवायचा स्टँड त्याहून सोपा. पण टॅबलेट बसवणारा माणूस शहाणपणाच्या वाटेने इथवर आलेलाच नसतो. त्याच्या घरात एक टॅबलेट पडून असतो, दारात एक गाडी उभी असते, दोघंही अजून चालू आहेत याची त्याला चुटपुट लागून राहते. गाडीचं इंजिन ठणठणीत, गिअर लोण्यासारखा पडतो, आणि मधोमध बसलेला स्टिरिओ अजून सीडी मागतोय. त्या एका तोंडामुळे सबंध गाडी म्हातारी ठरते, हे त्याला पटत नाही. मलाही पटलं नाही.

डॅशबोर्ड उघडण्यात मात्र खरी मजा आहे. बाहेरून एकसंध वाटणारं ते प्लॅस्टिक म्हणजे पट्ट्यांवर पट्ट्या, आणि त्या धरून ठेवणाऱ्या क्लिपा. स्क्रू कुठे असतात? राखदाणीच्या मागे, एसीच्या जाळीच्या आत, जिथे हात पोचतो पण नजर पोचत नाही अशा प्रत्येक ठिकाणी. प्लॅस्टिकची पाचर घालून पट्टी उचकटताना ‘टक्’ असा आवाज येतो. तो क्लिप सुटल्याचा की क्लिप तुटल्याचा, हे पट्टी हातात आल्याशिवाय समजत नाही. जुनं प्लॅस्टिक थंडीत जास्त कडक होतं, म्हणून हे काम जरा ऊबदार वेळी करावं. आत नाणी, पेनाची टोपणं आणि आधीच्या मालकाच्या पावत्या निघतात. त्या वाचत बसलं की दुपार जाते.

एक गोष्ट मात्र गमतीत घेण्यासारखी नाही. पिवळ्या कनेक्टरच्या किंवा पिवळ्या आवरणाच्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावायचा नाही. कामाला लागण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि काही मिनिटं स्वस्थ बसायचं, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत थोडा वीजसाठा उरलेला असतो. आणि टॅबलेट कितीही देखणा दिसत असला तरी शेजारच्या सीटसमोरच्या एअरबॅगच्या झाकणावर किंवा त्याच्या वाटेत तो बसवायचा नाही. एअरबॅग उघडते तेव्हा वाटेतली वस्तू ती माणसाच्या अंगावर फेकते.

स्टिरिओ बाहेर ओढला की मागून वायरींचा झुपका येतो. बाहेरून घेतलेल्या स्टिरिओच्या वायरींना रंगांची एक ठरलेली भाषा आहे. इथेही पिवळी वायर असते, पण हिचा एअरबॅगशी संबंध नाही. ती थेट बॅटरीवरून येते, किल्ली काढली तरी जिवंत. लाल वायर किल्ली फिरवल्यावरच जागी होते. काळी अर्थिंगची. नारिंगी वायर हेडलाइट लागल्याची वर्दी देते, म्हणजे रात्री पडदा मंद करता येतो. पांढरी, करडी, हिरवी, जांभळी या स्पीकरच्या, आणि प्रत्येकीची काळी रेघ असलेली एकेक जोडीदारीण. कंपनीतून आलेल्या मूळ वायरिंगला हे रंग लागू होतीलच असं नाही, तिथे व्होल्ट मोजणाऱ्या मल्टिमीटरचाच शब्द खरा.

टॅबलेटला यातली फक्त लाल आणि काळी हवी असते, पण सरळ नाही. गाडीची वीज बारा व्होल्टची म्हणतात, तेवढी ती क्वचितच असते. इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास, चालू असताना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारं यंत्र, तिला चौदाच्या घरात नेतो, आणि स्टार्टर फिरत असतो त्या क्षणी ती दहाच्याही खाली येऊ शकते. टॅबलेटला हवेत पाच व्होल्ट, तेही न डगमगता. म्हणून मध्ये एक छोटा कन्व्हर्टर लागतो, आणि त्याच्या आधी फ्यूज. इथे अँपिअरकडे बघणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नकाशा चालू, जीपीएस चालू, उन्हासाठी पडद्याचा उजेड पूर्ण, अशा वेळी अर्धा अँपिअर देणारा यूएसबीचा खाचा टॅबलेटला पुरत नाही. चार्जिंगचं चिन्ह दिसत राहतं आणि टक्के उतरत जातात. दोन अँपिअर किंवा त्याहून जास्त देणारा कन्व्हर्टर घेतला की हे कोडं सुटतं.

आवाजाचं कोडं वेगळं. टॅबलेट चार्जिंगला लावून त्याच्या हेडफोनच्या भोकातून तार स्टिरिओला जोडली की गाण्यामागे एक बारीक ‘कुंई’ सुरू होऊ शकते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढतो, सोडला की उतरतो. अल्टरनेटरच गातोय तो. वीज आणि आवाज यांची अर्थिंग दोन वेगळ्या वाटांनी जोडली गेली की असं होतं. मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी टाकता येते, नाहीतर आवाज ब्लूटूथवरून न्यायचा म्हणजे तारच राहत नाही.

उष्णतेवर मात्र कुठली डबी चालत नाही. २०१८ साली अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी आणि सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी उन्हात उभ्या गाड्या मोजल्या, तेव्हा तासाभरात डॅशबोर्डचं तापमान सरासरी ६९ अंश सेल्सिअसवर गेलं होतं. आता अ‍ॅपलचं म्हणणं बघा: आयपॅड वापरायचा तो ० ते ३५ अंशांत, आणि बंद ठेवायचा झाला तरी ४५च्या वर नको. लिथियमची बॅटरी अशा उष्णतेत लवकर म्हातारी होते, फुगते, आणि फुगलेली बॅटरी आतून काच उचलते. म्हणून टॅबलेट डॅशबोर्डमध्ये कायमचा गाडून टाकण्याच्या मी सरळ विरोधात आहे. चौकट कायमची असावी, टॅबलेट हाताने निघावा. चुंबकावर बसवा, नाहीतर वरून सरकवायची खाच करा. गाडी उन्हात सोडून जाताना तो पिशवीत टाकून नेता आला पाहिजे.

चौकट करणं म्हणजे पुट्टी, कानस आणि धीर. मूळ पट्टी कापायची नाही, हे माझं मत. भंगारात निघालेल्या तशाच गाडीची पट्टी मिळवायची आणि ती कापायची. मग एबीएस प्लॅस्टिकच्या चपट्या पट्ट्या चिकटवून भोकाची कड वाढवायची, फटींत पुट्टी भरायची, ८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून ४०० पर्यंत घासत जायचं. घासून झाल्यासारखं वाटतं. प्रायमरचा पहिला हात मारला की सगळे खड्डे वर येतात. पुन्हा पुट्टी. यात कौशल्य थोडंच आहे, बहुतेक सगळी चिकाटी आहे, आणि उरलेलं काम डॅशबोर्डच्या खरबरीत पोताशी जुळणारा रंग करतो.

हे सगळं झालं की शेजारी बसणारा प्रत्येक माणूस एकच विचारतो: यावर सिनेमा दिसतो का? दिसतो, पण गाडी उभी असताना. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ साली गाडीतल्या पडद्यांसाठी सूचना काढल्या, त्यात एका वेळी रस्त्यावरून नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त हटू नये असं म्हटलं आहे. ताशी ६० किलोमीटरने दोन सेकंदांत गाडी ३३ मीटर पुढे जाते. एवढ्या अंतरात बोटाला काचेवर आवाज कमी करायची जागा शोधायची आहे, आणि काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत. म्हणून आवाजाचं गोल बटण मी काढू दिलं नाही. ते अंधारात सापडतं, न बघता फिरतं. ब्युइकने १९८६च्या रिव्हिएरात स्पर्शाने चालणारा पडदा बसवला होता, रेडिओ आणि एसी दोन्ही त्यावरच. काही वर्षांतच कंपनीने तो काढूनही टाकला. आता गाड्यांची सुरक्षितता तपासणारी युरोपची एनकॅप संस्था २०२६पासून हॉर्न, वायपर, इंडिकेटर यांसारख्या गोष्टींना खरी बटणं असावीत म्हणून गुण देते. बटणाचे दिवस गेले म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

मला यात खरी किंमत वाटते ती त्या भोकाची. गाडी वीस वर्षं चालते. २०१२च्या नेक्सस ७ला गूगलचं शेवटचं अँड्रॉइड मिळालं २०१५मध्ये, म्हणजे पडदा तीन वर्षांत मागे पडला. दोघांची वयं इतकी वेगळी, तर दोघांना एकत्र जखडायचं कशाला? जुन्या गाडीत चार स्क्रू काढले की कॅसेटवाला जातो, सीडीवाला येतो, तोही जातो. नव्या गाड्यांत पडद्याच्या पोटातच एसी, आरसे, गाडीची सेटिंगं, सगळं कोंबलेलं असतं. तो पडदा थकला की बदलायचा कसा, हे गाडी विकताना कुणी सांगत नाही. माझी गाडी जुनी आहे म्हणून मला हा प्रश्न पडत नाही, आणि याचा मला थोडा उद्धट आनंद होतो.

त्यामुळे चौकट करताना आजच्या टॅबलेटला घट्ट बसेल अशी करू नये. आतला खाचा थोडा मोठा ठेवून कडेला फोम लावावा. मूळ वायरिंग कापू नये, तयार अ‍ॅडॉप्टर मिळतो तो मध्ये घालावा. चार्जिंगची वायर वीतभर जास्त सोडून मागे गुंडाळून ठेवावी आणि तिच्यासाठीचं भोक रुंद असावं. मायक्रो यूएसबीच्या जागी सी टाइप आलंच आहे, आणि पुढच्या टॅबलेटचा चार्जिंगचा खाचा कुठल्या बाजूला असेल ते कुणी आपल्याला विचारून ठरवणार नाही.